साचा काय म्हणतो?

त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. आभाळ भरून आलेलं, पण थेंब नाही. अंगाला नुसती चिकचिक. कावळेसुद्धा चोची उघड्या टाकून कौलांवर गप्प बसले होते. दुपार कलता कलता पश्चिमेकडून वाऱ्याची एक ओली झुळूक आली, आणि घंटाशाळेच्या अंगणात माती तुडवणारा एक मुलगा तिथल्या तिथे थांबला. त्याने मान वर करून डोंगराकडे पाहिलं. डोंगराच्या माथ्यावर एक पांढरा पुंजका येऊन बसला होता.

"आलं," तो स्वतःशीच म्हणाला. "धुकं आलं."

ही फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एका गावात तेव्हा एक शाळा होती. तिथे घंटा ओतायला शिकवत. शाळेला दोन अंगणं होती, एक खालचं आणि एक वरचं. खालच्या अंगणात मातीचं काम. माती चाळायची, तिच्यात शेण आणि भाताचं तूस घालून तुडवायची, साचे करायचे, ते सावलीत वाळवायचे, आणि वाळले की फोडून पुन्हा माती करायची. पोरांना हे शेवटचं फार लागायचं. एवढा जीव लावून केलेला साचा फोडायचा म्हणजे काय? पण तशी रीत होती. वर्षभर हे करायचं आणि मग वरच्या अंगणात जायचं. वरच्या अंगणात भट्टी होती. तिथे खरी घंटा ओतायची.

साचा वाळला की नाही हे कसं ओळखायचं? तर त्याला गाल लावायचा. हाताचं काम नाही ते. राबून राबून हाताची कातडी जाड होते, हात काहीही सांगतो. गाल मात्र खरं सांगतो. गालाला गार लागलं तर आत ओल आहे. गार लागलं नाही तर कोरडा. ओल्या साच्यात तापलेला रस ओतला की आतल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला वाट शोधते, आणि साचा फुटून रस चहूकडे उडतो. आणि समजा नाहीच फुटला, तर घंटेच्या अंगात फुगे राहतात. ती घंटा जन्मभर बद्द वाजते.

आता या मुलाचं सांगतो. तो घाटमाथ्यावरच्या गावातून आला होता. पावसाळाभर ते गाव धुक्यात बुडालेलं असायचं. दोन हातांवरचा माणूस दिसायचा नाही. खिंडीच्या तोंडाशी एक जुनी घंटा होती. धुकं दाटलं की कुणीतरी ती वाजवत राहायचं, आणि रानात गेलेली माणसं, गुरं त्या आवाजाच्या धोरणाने घरी यायची. गेल्या पावसाळ्यात ती घंटा चिरली. मग वाजवली की डबा बडवल्यासारखी खडखडायची. तो खडखडाट चार झाडांच्या पलीकडे जात नसे.

मुलाच्या शेजारी एक म्हातारी राहायची. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. ती शेळ्या राखायची. त्याच पावसाळ्यात धुक्यात तिची वाट चुकली आणि ती घळीत पडली. दिवसभर ओरडत होती, पण धुक्यात ओरडणं कुठून येतंय तेच कळेना. सापडली तेव्हा पाय मोडलेला. तेव्हापासून ती लंगडत चालायची. तोंड मात्र पूर्वीसारखंच चालायचं.

गावाने मग घरोघरची भांडी गोळा केली. कुणी तांब्या दिला, कुणी फुटकं घंगाळ, कुणी ताम्हन. आत्याकडे देण्यासारखी एकच वस्तू होती, पायाला तूप लावून घासायची काशाची वाटी. मोडलेल्या पायाला रोज तीच घासायची ती. तिने ती वाटी पोत्यात टाकली आणि मुलाला म्हणाली, "घंटा लवकर आण रे बाबा. नाहीतर माझ्या मयतीला तरी वेळेवर ये."

लोक हसले. मुलगा हसला नाही. पोती बैलावर लादून तो डोंगर उतरला.

म्हणून त्याला खालच्या अंगणात चैन पडत नव्हतं. मातीत पाय, पण डोळे डोंगरावर. बसला की उठायचा, उठला की भट्टीच्या धुराकडे बघत उभा राहायचा. काम चांगलं करायचा तो, त्यात खोट नाही. त्याचे साचे सगळ्यांत गुळगुळीत. पण साचा होतो न होतो तोच दुसऱ्याला हात घालायचा. पावसाळ्यात भट्टी बंद असे, कारण ओल्या हवेत साचे वाळत नाहीत. पावसाआधीची शेवटची भट्टी आता लागणार होती. ती हुकली तर घंटा दिवाळीनंतर, आणि धुकं तोवर थांबणार नव्हतं.

त्या ओल्या झुळकेने त्याचा धीर सुटला. पाय न धुताच तो पायरीकडे निघाला.

दोन्ही अंगणांच्या मध्ये एक रुंद दगडी पायरी होती, आणि तिच्यावर एक बाई बसलेली असायची. ती शिकवायची नाही आणि ओतायचीही नाही. मुलांचं ऐकून घेणं आणि त्यांना सल्ला देणं एवढंच तिचं काम. कुणी घरच्या आठवणीने रडत असेल, कुणाला काम जमत नसेल, कुणाला वर जायचं असेल, त्याने तिच्याकडे जायचं. शाळेचे थोरले ओतारीसुद्धा तिच्या शब्दाबाहेर नव्हते. तिने हो म्हटलं की पोरगं वरच्या अंगणात. सगळे तिला पायरीवरच्या बाई म्हणत. ती सदान्कदा गोधडी शिवत असे, आणि जो कुणी बोलायला येई त्याने आधी सुईत दोरा ओवून द्यायचा, ही तिथली रीत.

मुलाने सुई घेतली. दोरा ओवायला गेला तो बाजूने गेला. ओला केला, पुन्हा गेला, पुन्हा हुकला.

"बाई, मला वर जायचंय," तो दोऱ्याशी झटत म्हणाला. "शेवटच्या भट्टीला. वर्ष पुरं व्हायच्या आत."

"का रे?"

"मला सगळं येतं. मास्तरांना विचारा. माझ्यासारखा साचा कुणाला होत नाही."

"हे झालं येतं ते. जायचंय कशाला, ते सांग."

"इथे काय करू मग? ती पोरं नुसती माती खेळतात. एकाला शेण आणि चिखल यातला फरक कळत नाही."

बाई हसल्या. "आणि तुला अजून सुई आणि दोरा यांची गाठ घालता येत नाही."

मुलाचे कान लाल झाले. त्याने सुई गोधडीवर ठेवली आणि तो ताडताड निघून गेला.

खालच्या अंगणातल्या पोरांनी त्याला येताना पाहिलं. एक म्हणाला, "काय हो ओतारीशेठ, घंटा झाली का?" दुसरा म्हणाला, "याच्या गावात म्हणे आरशात तोंड बघायलासुद्धा घंटा वाजवावी लागते. धुकंच तेवढं!" सगळे खिदळले. मुलगा पुन्हा माती तुडवायला लागला. आल्या दिवसापासून गावावरून ही थट्टा चालली होती, म्हणून तर त्याने गावचं दुःख कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यावरही हसले असते, असं त्याला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी डोंगराचा माथा पुरता झाकला होता. मुलाने चाळणी टाकली आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसला. बाईंनी सुई पुढे केली. त्याने ती घेतली, पण ओवली नाही.

"बाई, काल मी खोटं नाही बोललो, पण खरंही सांगितलं नाही," तो म्हणाला. आणि मग त्याने सगळं सांगितलं. चिरलेली घंटा, धुकं, घळ, आत्याचा पाय, काशाची वाटी. "आता पाऊस लागेल. पुन्हा कुणीतरी पडेल. आणि मी इथे माती तुडवत बसलेला असेन. बाई, मला बसवत नाही हो."

बाईंनी गोधडी मांडीवरून खाली ठेवली. "हे काल का नाही सांगितलंस?"

"मागून घेतल्यासारखं वाटतं. हक्काने मिळावं असं वाटत होतं."

"अरे, मागायला आल्यावर मागावंच माणसाने." त्यांनी मानेने वरच्या अंगणाकडे खूण केली. "जा वर."

मुलाला खरं वाटेना. "जाऊ?"

"जा म्हटलं ना. पण एक ऐकून जा. इथे खाली मास्तर प्रत्येक साच्याला स्वतःचा गाल लावून बघतात. वर कुणी बघत नाही. वर ज्याचा साचा त्याचाच गाल आणि ज्याचा साचा त्याचाच शब्द. रस ओतायच्या आधी थोरले विचारतात, 'साचा काय म्हणतो?' तू सांगशील ते खरं धरतात. त्यावर दुसरी तपासणी नाही."

"माझा साचा कोरडाच असेल, बाई."

"तो कसा असेल ते तोच सांगेल. तू फक्त ऐक." बाईंनी सुई उचलली आणि डोळे बारीक करून स्वतःच दोरा ओवला.

मुलगा त्याच दिवशी वरच्या अंगणात गेला. त्याला अंगात आल्यासारखं झालं होतं. त्याने आतला मातीचा गाभा घडवला, त्यावर मेण चढवलं, मेणावर मातीचे थर दिले. वरची मोठी मुलंही बघत राहिली. साचा सुरेख झाला होता. मेण वितळवून बाहेर काढलं, तिथे रसाला जागा झाली, आता राहिलं फक्त वाळणं.

आणि वाळणं काही होईना. पश्चिमेचा वारा रात्रंदिवस वाहत होता. दोरीवरचे कपडे वाळत नव्हते, मिठाला पाणी सुटलं होतं, तिथे साचा कसा वाळावा? इतरांचे साचे कडक उन्हातल्या दिवसांत झालेले होते. ते खणखणीत होते. याचाच एकटा मागचा.

मुलगा दर घटकेला जाऊन गाल लावी. गार. पुन्हा जाई. गार. जेवण टाकून उठे. वरची पोरं म्हणाली, "अरे, लग्न लाव एकदाचं त्या साच्याशी. गालाला गाल किती लावशील?"

शेवटी त्याने साच्याभोवती गोवऱ्या रचल्या आणि मंद जाळ केला. संध्याकाळी गाल लावला. चटका बसला. मुलाला केवढा आनंद झाला! कोरडा! तो नाचायचाच बाकी होता. पण जाळाजवळची वस्तू गरमच लागणार, ओल असो वा नसो, हे त्यालाही ठाऊक होतं. खालच्या अंगणात मास्तरांनी हे पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. साचा पुरता निवू द्यायचा आणि मगच गाल लावायचा. हे त्याला आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

भट्टीचा दिवस उजाडला. सकाळी सकाळी तो साच्याजवळ गेला. गोवऱ्यांची राख झाली होती, साचा निवला होता. त्याने डोळे मिटून गाल टेकवला.

गार लागला. फार नाही, अगदी हलका. पहाटेच्या भिंतीला हात लावावा तेवढा.

"सकाळची हवाच गार आहे," तो स्वतःला म्हणाला. त्याने अंगणातल्या दगडाला गाल लावला. दगडही गार होता. "बघ, दगडसुद्धा गार." मग त्याने दुसरा गाल लावून पाहिला. मग कपाळ. मग इकडेतिकडे बघून हळूच शेजारच्या मुलाच्या साच्याला गाल लावला. तो साचा गारही नव्हता आणि गरमही नव्हता. नुसता माती होता.

मुलगा मटकन खाली बसला आणि लगेच उठला. बसवेना, उभं राहवेना. एकदा वाटे, एवढ्याशा ओलीने काय होतंय? एकदा वाटे, फुगे राहिले तर? बद्द घंटा घेऊन गावात जायचं? मग वाटे, बद्द तर बद्द, घंटा तरी असेल. मग आत्याचा लंगडा पाय डोळ्यांपुढे येई. आणि पायरीवरच्या बाई? त्यांनी आपल्या शब्दावर वर्ष पुरं व्हायच्या आधी वर पाठवलं. त्यांना काय तोंड दाखवायचं?

तोवर भट्टी भडकली होती. भात्याचा फुसफुसाट, मुशींत वितळलेला लालपिवळा रस, आणि सगळी शाळा कडेने गोळा झालेली. खालच्या अंगणातली पोरंही आली होती. पायरीवर बाई उभ्या होत्या. मुलाच्या मुशीत त्याच्या गावची भांडी वितळून एक झाली होती. तांब्या कुठला आणि वाटी कुठली, आता ओळखू येत नव्हतं.

थोरले ओतारी एकेकापाशी थांबत होते.

"साचा काय म्हणतो?"

"कोरडा म्हणतो!"

की रस ओतला जाई. पुढचा. "साचा काय म्हणतो?" "कोरडा म्हणतो!" पुन्हा रस. पोरं ओरडत, टाळ्या वाजवत.

मग थोरले या मुलापाशी आले. डोंगरावरून ढगांची एक ओळ खाली उतरत होती.

"साचा काय म्हणतो?"

मुलाने तोंड उघडलं. 'कोरडा' हा शब्द जिभेवरच होता. नुसता सोडायचा अवकाश.

"काय रे? रस थांबायचा नाही. काय म्हणतो साचा?"

"ओला म्हणतो," मुलगा म्हणाला.

मग मागून कुणीतरी बोललं, "मग वर आलास कशाला एवढ्या घाईने?" आणि खसखस पिकली. मुलाने मान खाली घातली. अंगठ्याने माती उकरत उभा राहिला.

थोरल्यांनी हात वर केला, तशी पोरं गप्प झाली. त्यांनी साच्याच्या गाभ्याचा मुठीएवढा तुकडा फोडून घेतला, दूर एका दगडावर ठेवला आणि सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. मग लांब दांड्याच्या पळीने त्यावर रसाचा एक थेंब टाकला.

फट्कन आवाज झाला. तुकड्याच्या ठिकऱ्या उडाल्या. एक ठिणगी तर मघाशी बोललेल्या पोराच्या पायाशीच येऊन पडली, आणि ते पोर उडी मारून दुसऱ्याच्या अंगावर आदळलं. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

"याची मूस बाजूला काढा," थोरले म्हणाले. "रस थिजू दे. पावसाळ्यानंतर बघू."

मुलाचं सामान ते काय, एक कांबळं. ते खांद्यावर टाकून तो पायरीवर गेला.

"बाई, माझ्यापायी तुमचा शब्द खाली पडला."

"माझा कुठला शब्द? मी घंटेची हमी घेतली होती का? नाही वाळला म्हणून नाही झाली. ऊन काय माझ्या हातात आहे?" बाईंनी त्याला सुई दिली. "मी तुला वर पाठवलं ते एवढ्याचसाठी, की दुसऱ्या दिवशी तू आपण होऊन येऊन खरं सांगितलंस. आजही सांगितलंस. निघालास कुठे?"

"गावाला. धुकं आलंय. घंटा नाही तर मी तरी जातो. काय करीन ते तिथे गेल्यावर बघीन."

"जा. पण दोरा ओवून जा."

त्याने दोरा ओवायला घेतला. पहिल्यांदाही हुकला आणि दुसऱ्यांदाही. मग मात्र गेला.

गावात तो रिकाम्या हातांनी शिरला तेव्हा लोक देवळापाशी जमले. सगळ्यांत पुढे आत्या, काठी टेकत.

"आलास? आणि घंटा रे? डोक्यावर ठेवून विसरलास की काय?"

"नाही झाली, आत्या. साचा ओला राहिला. मी नको म्हणालो."

"तू नको म्हणालास?" पाटील पुढे आले. "आणि आमची भांडी?"

"आहेत, पाटील. सगळी मिळून एक गोळा झालाय. दिवाळीनंतर त्याची घंटा होईल."

"आणि तोवर? तोवर आम्ही धुक्यात चाचपडायचं?" कुणी म्हणालं, पोरगं घाबरलं असेल. कुणी म्हणालं, दुसऱ्या कुणाला पाठवायला हवं होतं. आत्या म्हणाली, "माझी वाटी गेली आणि पायाचं दुखणं तेवढं राहिलं." आणि लंगडत घरी गेली. हे शेवटचं मुलाला सगळ्यांत जास्त लागलं.

त्याने वादावादी केली नाही. घरातला नांगराचा जुना फाळ घेतला, खिंडीच्या तोंडाशी जांभळाच्या फांदीला टांगला, आणि धुकं दाटलं की लोखंडाच्या दांड्याने तो वाजवायला लागला. टण, टण, टण. घंटेसारखा गोड नव्हता आवाज, लांबही जात नव्हता फार. पण चिरलेल्या घंटेपेक्षा बरा होता. ज्याला घटकाभर एका जागी बसवत नव्हतं, तो पोरगा पावसाळाभर त्या जांभळाखाली उभा राहिला. हाताला फोड आले, फुटले, घट्टे पडले. आई तिथेच भाकरी आणून द्यायची. आत्या येता-जाता म्हणायची, "डोकं उठवलंस रे मेल्या! शेळ्या दूध द्यायच्या थांबल्या माझ्या."

एका दुपारी धुकं असं उतरलं की हातातला दांडा दिसेना. मुलगा वाजवत राहिला. बऱ्याच वेळाने पांढऱ्यातून आधी एक शेळी आली, मग दुसरी, मग काठीचा आवाज. आत्या जांभळाला हात टेकून उभी राहिली. धाप लागली होती तिला. पदराची गाठ सोडून तिने मूठभर भाजलेले हरभरे त्याच्या हातावर ठेवले, आणि पुढे गेली.

पाऊस सरला. ऊन पडलं. मुलगा पुन्हा डोंगर उतरून शाळेत गेला. पायरीवरच्या बाईंनी त्याला खालच्या अंगणात साचा करताना पाहिलं आणि विचारलं, "खाली का रे बसलास? तुला वर जायची परवानगी दिलेली आहे."

"जाणार आहे, बाई. पण मास्तरांच्या डोळ्यांदेखत एक साचा पुरता वाळवून बघतो आधी. मागच्या वेळी त्यातच चुकलं."

त्याने साचा केला, वाळवला, गाल लावला, रीतीप्रमाणे फोडला. या वेळी फोडताना त्याला वाईट वाटलं नाही. मग वर जाऊन दुसरा केला. तो सावलीत सावकाश वाळला. भट्टी लागली, थोरले समोर आले.

"साचा काय म्हणतो?"

मुलाने सगळ्यांदेखत पुन्हा एकदा गाल टेकवला. कुणी हसलं नाही.

"कोरडा म्हणतो."

घंटा चांगली झाली. गावच्या गड्यांनी ती वाशाला बांधून, खांदे बदलत घाटावर नेली आणि खिंडीच्या तोंडाशी टांगली. पाटील म्हणाले, पहिला टोला मुलाने द्यावा. मुलगा म्हणाला, आत्याने द्यावा. आत्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि दोरी ओढली.

आवाज निघाला तो दरीत उतरला, पलीकडच्या डोंगराला लागला आणि सावकाश परत आला. रानातली गुरं माना वर करून बघायला लागली. तो थांबेपर्यंत कुणी हललं नाही. मग आत्याने डोळ्यांना पदर लावला.

तात्पर्य: ते शेजारच्या आत्याच्याच तोंडून ऐकावं. घंटा आणणाऱ्या गड्यांकडून शाळेतलं सगळं ऐकलं होतं तिने. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "पोरा, पुढं जाऊ का, हे दुसऱ्याला विचारता येतं, आणि विचारावं. पण आपण तयार आहोत का नाही, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, आणि नसलो तर चारचौघांत तसं सांगायला छाती लागते. तू सांगितलंस, म्हणून आज माझी वाटी बोलली."